नक्षी शाबूत होती

त्या चाकांवरच्या घरात मृणालचा फायदा किती, हे मी ते फाटकातून आत यायच्या आधीच मोजून ठेवलं होतं. पहिला फायदा आत्याबाई. दुसराही आत्याबाईच. तिसरा असा, की पुढची पाच वर्षं कराडात कुणाच्याही बारशाला गेलं तरी बायका मला विचारणार, "तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी फिरतं घर आणलंय म्हणे?" आणि मी हसून हो म्हणणार. तोट्याच्या बाजूला काही सापडतंय का ते मी शोधत होते, तेवढ्यात बोलेरोच्या मागून ते पांढरं धूड आत शिरलं आणि पेरूची एक फांदी मोडून थांबलं. पेरू मी लावलेला होता. म्हणजे तोटाही माझ्याच बाजूला पडला.

ही दोन हजार बाराच्या मे महिन्यातली गोष्ट. धाकटे भाऊजी धैर्यशील आणि त्यांची बायको मृणाल पुण्याला असायचे. दोघांनाही कंपनीत नोकऱ्या. तिथल्याच एका हौशी गृहस्थाकडून त्यांनी हा ट्रेलर घेतला होता. स्वतःचं इंजिन नाही, गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढायचा. खाली दोनच चाकं. आत दोन पलंग, ओटा, पंखा, खिडक्यांना फुलांचे पडदे, आणि मागच्या कोपऱ्यात, दार लावून घेता येईल असा, पांढराशुभ्र कमोड.

त्या कमोडपुढे माझी बावीस वर्षं हरली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं वय तेव्हा पंच्याहत्तर आणि गुडघ्यांचं नव्वद. जन्म गेला तरी समुद्र बघितलेला नव्हता. कराडहून गुहागर ते किती, चार-पाच तास. पण दरवेळी निघायची वेळ आली की त्या विचारायच्या, "आन् वाटेत जायला लागलं तर?" गुडघे वाकत नसलेल्या बाईला वाटेत कुठे बसवायचं, याला कुणाकडे उत्तर नव्हतं. तीन बेत त्या एका प्रश्नावर मोडले होते. बावीस वर्षं मी रोज संध्याकाळी त्यांचे गुडघे चोळले, पण हे काही मला सुचलं नव्हतं. मृणालला घरात येऊन सहा वर्षं झाली होती. ती त्यांना आत्याबाई नाही, "आई" म्हणायची. आली आणि म्हणाली, "आई, समुद्राला जायचं ना? हे घ्या, मोरीच बरोबर आणलीय."

आत्याबाई हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या गुडघे चोळण्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते फक्त दुखलं तेव्हाच.

"इंदू, पूजा कर गं गाडीची," त्या मला म्हणाल्या.

नव्या वाहनाची पूजा थोरल्या सुनेने करायची ही आमच्या घरची रीत. ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकल, सगळ्यांची मीच केली होती. तबक घेऊन मी खाली आले. पुढे स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि डाव्या चाकाला हळद-कुंकू लावायला उकिडवी बसले. टायर काळाकुळकुळीत, पॉलिश मारून चमकवलेला. वरची नक्षी नवीकोरी, खोल. मी बोटाने कुंकू ओढलं, आणि ते टायरच्या बाजूच्या भिंतीवर पसरायच्या ऐवजी आत शिरलं. केसाएवढ्या बारीक रेघा लाल होऊन वर आल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या भिंतीभर जाळं.

माझ्या वडलांचं इस्लामपुरात टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवायचं, दुकान होतं. शाळेतून आले की मी तिथेच अभ्यास करायची. म्हणून माझं बोट आपोआपच पुढे सरकलं, आणि जिथे असतो तिथे तो चार आकड्यांचा शिक्का सापडला. १४०३. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. दोन हजार तीनचा चौदावा आठवडा. टायर नऊ वर्षांचे होते.

वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, नक्षी ही टायरची वेणीफणी, वय शिक्क्यावर असतं. पाच वर्षांनी संशय धरावा, सातव्या वर्षी निरोप द्यावा, मग तो चाललेला असो नाहीतर नुसता उभा असो. उभ्या टायरचं तर ते जास्तच मनावर घ्यायचे. चालणारा टायर झिजतो, उभा असलेला सुकतो. झिजलेला तोंडावर सांगतो, सुकलेला घाटात सांगतो.

"इंदू, चाकाला काय मोजतीस गं?" आत्याबाईंनी व्हरांड्यातून विचारलं.

"काही नाही आत्याबाई, कुंकू नीट लागत नाही."

"सरळ मनानं लाव, लागंल."

सगळे हसले. मृणाल हसली नाही, पण तिने ओठ दाबले ते मला दिसलं. मी उठले आणि तबक घेऊन आत गेले.

आता त्या क्षणी मी का बोलले नाही, याची दोन उत्तरं आहेत. सभ्य उत्तर असं, की तोवर माझ्या आठ हरकती घेऊन झाल्या होत्या. गल्ली अरुंद आहे. सिलिंडरचा भडका उडेल. पोलीस अडवतील. घाटात वळणार नाही. रात्री झोपेत कुणी आपल्याला ओढून नेलं तर? ही शेवटची हरकत ऐकून आमचे हे दोन दिवस हसत होते. आठही हरकती फेटाळल्या गेल्यावर नववी कोण ऐकणार?

दुसरं उत्तर असं, की मला पंक्चर हवं होतं. अपघात नाही, पंक्चर. पाटणच्या पुढे, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला. काळा चष्मा लावलेली मृणाल हातात पाना घेऊन उभी, आणि आत्याबाई माझ्याशेजारी बोलेरोत बसून पदराने वारा घेत म्हणतायत, "नको त्या हौशी." मग मी सावकाश बोलणार होते. माझ्या वडलांनी हे टायर दुकानाच्या पायरीवर चढू दिले नसते. हे वाक्य मी पोळ्या लाटता लाटता तीन वेळा म्हणून बघितलं. चांगलं जमत होतं.

संध्याकाळी जेवताना विषय आपणहून निघाला.

"दादा," भाऊजी आमच्या ह्यांना म्हणाले, "टायर बदलून घ्यावेत का निघायच्या आधी? ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले, फारसा चाललेलाच नाही. शेडमध्ये उभा होता."

"चाललेलाच नाही तर बदलायचे कशाला?" हे म्हणाले. "मी नख घालून बघितलं की मघाशी. नक्षी नव्वद टक्के आहे. नक्षी असताना टायर बदलणं म्हणजे पोट भरलेलं असताना दुसरं ताट मागणं."

"मला काही त्यातलं कळत नाही," मृणाल म्हणाली. "वहिनींना विचारू या ना. त्यांच्या माहेरी टायरचंच काम होतं."

जेवणाऱ्या चारही माना माझ्याकडे वळल्या. बावीस वर्षांत या घरात माझ्या माहेरच्या धंद्याचं नाव निघालं ते फक्त थट्टेला. रबराच्या वासात वाढलेली म्हणून इंदूला उदबत्तीचा वास येत नाही, असं आत्याबाई पाहुण्यांना सांगायच्या. पहिल्यांदाच कुणीतरी ते ज्ञान म्हणून विचारत होतं. आणि विचारणारी कोण, तर मृणाल. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी ताट बाजूला सारून सांगितलं असतं.

"आमचं आपलं रिमोल्डचं दुकान," मी म्हणाले. "ट्रकची, ट्रॅक्टरची चाकं. पुण्याच्या गाड्यांतलं मला काय कळणार?"

"तरी पण, तुम्ही पूजा करताना बघितलं असेल ना?"

"नक्षी शाबूत आहे," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. मी ह्यांना आणखी एक भाकरी वाढली आणि विषय आंब्यांवर गेला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, आत्याबाईंना आत चढवून पलंग दाखवला. चढवलं मी आणि भाऊजींनी. त्या आडव्या झाल्या, पडदा सरकवून पेरू बघितला, पंखा लावून घेतला, आणि जाहीर केलं, "मी ह्यातच झोपून येणार."

"आई, चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवत नाहीत," भाऊजी म्हणाले. "तू पुढे बोलेरोत बसायचंस. थांबलो की मागे यायचं."

"दरवेळी चढ-उतर कोण करणार, तुझा बाप?" भाऊजींच्या वडलांना जाऊन दहा वर्षं झाली होती. "गुडघं मुडपून खुर्चीतच बसायचं हुतं तर एस्टीनं गेले नसते का? एवढा पलंग काय शेजाऱ्यांना दाखवायला आणला?"

"तिथे तू एकटी..."

"मी बसते आईंजवळ," मृणाल म्हणाली. "हळू चालवा तुम्ही."

ठरलं. आत्याबाई आणि मृणाल मागे, आम्ही तिघं पुढे. मी ओट्यावर हात टेकून उभी होते. माझ्या चित्रात पंक्चर होतं, मृणाल होती, पाना होता. त्या चाकांवर आत्याबाई झोपलेल्या नव्हत्या. आणि मेच्या उन्हात तापलेला कुंभार्ली घाट होता. घाटात पंक्चर होत नाही. घाटात टायर फुटतो.

"भाऊजी," मी म्हणाले, "टायर बदला. नऊ वर्षांचे आहेत."

मी सगळ्यांना खाली नेलं, शिक्का दाखवला, आठवडा सांगितला, साल सांगितलं, वडील काय म्हणायचे ते सांगितलं. आवाज चढत गेला हे माझं मलाच ऐकू येत होतं.

"हा कंपनीचा नंबर असतो," हे म्हणाले.

"वहिनी, काल विचारलं होतं तुम्हाला," भाऊजी म्हणाले. "तुम्हीच म्हणालात नक्षी शाबूत आहे."

"नक्षी आहेच. पण..."

"मी सांगू?" हे म्हणाले. "काल मृणाल बोलेरोत बसणार होती. आज आईच्या उशाशी बसणार आहे. काल आणि आजमध्ये एवढाच फरक पडलाय."

वर खिडकीतून आत्याबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी पडदा बाजूला केला. आवाज अजिबात चढवला नाही.

"इंदू, तुझं वैर माझ्याशी हाय का समुद्राशी, ते एकदा सांग. माझं दिवस थोडं ऱ्हायलेत गं."

मी मृणालकडे बघितलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पडदा नीट करायला वर गेली.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघायचं होतं. मी पाचला उठून दशम्या बांधल्या. माझं बोलणं कुणी ऐकणार नव्हतं, पण टायरवाल्याचं ऐकलं असतं. तर मग टायरवाल्याला यावंच लागेल असं काहीतरी करायला हवं होतं. नुसती हवा सोडून भागलं नसतं. ह्यांनी पंप आणून अर्ध्या तासात भरली असती आणि मला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं असतं. हवा भरायच्या वालमधली, हवा अडवून धरणारी पिनच काढली की मात्र पंप कामाचा नाही.

आमच्या जुन्या जीपच्या स्टेपनीच्या वालला पितळेची टोपी होती. तिच्या डोक्याला दोन बारीक शिंगं असतात. उलटी धरून वालमध्ये घातली की तीच पिन काढायची किल्ली. हे मला चौथीत असताना येत होतं. सगळे आत चहा घेत होते. मी विहिरीची मोटर चालू केली, म्हणजे आवाज झाकला जाईल, आणि दशम्यांचा डबा ठेवायला म्हणून ट्रेलरपाशी गेले.

डावं चाक. तीन फेरे, आणि पिन हातात उडाली. हवा अशी सुटली की माझा पदर वर गेला. उजवं चाक. मग मागे टांगलेली स्टेपनी, तिचाही शिक्का तोच होता. ट्रेलर माझ्या डोळ्यांदेखत आधी एका अंगावर कलला आणि मग म्हशीसारखा खाली बसला. पिना मी पेरूच्या बुंध्याशी मातीत दाबल्या, टोपी जीपला परत लावली, हात धुतले आणि आत येऊन आत्याबाईंची वेणी घातली. त्यांनी नवं इरकल नेसलं होतं.

पहिले भाऊजी बाहेर गेले. मग त्यांनी ह्यांना हाक मारली. ह्यांनी चाकं बघितली, स्टेपनी बघितली, आणि सरळ वळून माझ्याकडे बघितलं.

"इंदू," ते म्हणाले.

फक्त नाव घेतलं. बावीस वर्षांत माझं नाव त्यांनी तसं कधी घेतलं नव्हतं. आत्याबाईंना खुर्चीतून उचलून व्हरांड्यात आणलेलं होतं. त्याही बघत होत्या. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते मला आजही ठाऊक नाही.

ट्रेलरचं दार उघडलं आणि आतून मृणाल खाली उतरली. हातात उशीचा अभ्रा होता. ती सकाळपासून आतच होती, आत्याबाईंचा पलंग लावत. मला वाटलं होतं ती न्हाणीघरात आहे.

"हवा मी सोडलीय," ती म्हणाली.

"तू?" भाऊजी म्हणाले.

"मला रात्रभर शंका येत होती. सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. टायरवाल्याला बोलवा. तो चांगले म्हणाला तर लगेच निघू."

"निघायच्या वक्ताला?" आत्याबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "मला वाटलं हुतं, ही तरी येगळी हाय."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ज्या नजरेने काल माझ्याकडे बघितलं गेलं, तीच नजर आता तिच्यावर होती, आणि ती माझ्या वाटची होती हे ठाऊक असूनही मला बरं वाटलं. पाऊण तास तिच्याशी कुणी बोललं नाही. ती पायरीवर बसून तो अभ्रा उलटसुलट करत होती. मी सगळ्यांना दुसरा चहा केला. तिचा कप तिच्या शेजारी ठेवला, तेव्हा तिने वर बघितलं नाही आणि मीही थांबले नाही.

कोल्हापूर नाक्यावरचे टायरवाले जब्बारभाई आले. तरुणपणी त्यांनी चार वर्षं माझ्या वडलांच्या हाताखाली काढली होती. मला ते अजून "बेबीताई" म्हणत. ते डाव्या चाकापाशी बसले. वजनाने टायरची भिंत दुमडली होती, आणि दुमडलेल्या जागी त्या केसाएवढ्या रेघा उघडल्या होत्या, हिवाळ्यात टाचा फुटतात तशा. आतला दोरा दिसत होता. जब्बारभाईंनी त्यात अंगठ्याचं नख घातलं. नख मुळापर्यंत आत गेलं.

"साहेब, हे टायर नाहीत," ते ह्यांना म्हणाले, "पापड आहेत. नक्षी बघून बसलात होय? शिक्का बघा. नऊ वर्षं. उन्हाचा घाट उतरताना ह्यातला एक गेला असता की मागचं धूड आडवं झालं असतं, आणि पुढची गाडी घेऊनच खाली गेलं असतं. आत कोण बसणार होतं?"

ह्यांनी व्हरांड्याकडे, आत्याबाईंकडे बघितलं.

जब्बारभाईंनी वाल चाचपला. "पिन कुणी काढली? तिन्ही पिना काढल्यात. आटे जराही दुखावले नाहीत."

"मी," मृणाल म्हणाली.

"कशानं, ताई?"

मृणालचा हात केसांकडे गेला. "हेअरपिनने."

जब्बारभाईंनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. मग परत चाकाकडे वळले.

"हेअरपिननं," ते म्हणाले. "बरं."

आत्याबाईंनी मृणालला जवळ बोलावलं. तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माझी लेक ती," म्हणाल्या. "बोलणी खाल्लीस, पण मला दरीतनं वर काढलंस." भाऊजी तिच्याकडे असे बघत होते, जसं त्यांनी नुकतंच लग्न केलंय. आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "मृणाल, मी हरलो बाई तुझ्यापुढं. नक्षीवर गेलो."

पाऊण तासात तिच्या शिक्षेचं बक्षीस झालं होतं. शुक्रवारी हाच शिक्का मी दाखवला होता, पण तो सगळ्यांच्या लेखी माझा जळफळाट होता.

मी बोलू शकत होते. पिना कुठे पुरल्यात ते मला ठाऊक होतं, जब्बारभाई साक्षीला होते. "मी काढल्या" एवढंच म्हणायचं. पण त्या दोन शब्दांना शेपूट होतं. मी काढल्या, म्हणजे मला पक्कं ठाऊक होतं. शुक्रवारी ठाऊक होतं तर गुरुवारीही होतं. गुरुवारी तर तुला तोंडावर विचारलं होतं इंदू, आणि तू भाकरी वाढलीस. हा हिशेब आत्याबाई अर्ध्या मिनिटात करतील हे मी जाणून होते. घरात हिशेबाला माझ्याहून पक्क्या तेवढ्या एकट्याच होत्या.

संध्याकाळपर्यंत कोल्हापूरहून तीन नवे टायर आले. जब्बारभाईंनी बसवले आणि जाताना भाऊजींना बजावलं, "आता नक्षी बघू नका. पाच वर्षं झाली की मला दाखवा. आणि चालत्या ट्रेलरात माणूस नको." आत्याबाईंनी हे मात्र निमूट ऐकलं. रविवारी त्या बोलेरोत पुढे बसल्या आणि आम्ही वाटेत सहा वेळा थांबलो.

गुहागरला किनाऱ्यावर त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पाणी घोट्यापर्यंत येत होतं. त्यांनी समुद्राकडे थोडा वेळ बघितलं, म्हणाल्या, "लई हाय," आणि मग शहाळंवाल्याला बोलावून, मृणालने हेअरपिनने आपला जीव कसा वाचवला ते पहिल्यापासून सांगायला लागल्या.

मी आणि मृणाल मागे वाळूत उभ्या होतो.

"फरशी हलली तेव्हा मी खिडकीतून बघितलं," ती म्हणाली. "तुमचा भांग दिसला."

मी पदर डोक्यावर ओढला.

"तुमचं नाव आलं असतं तर सगळे म्हणाले असते, जळून केलं. माझी गाडी, माझी हवा. मला किती बोलणार? असं मला वाटलं. पुढचं हे सगळं होईल हे नव्हतं वाटलं." तिने आत्याबाईंकडे मान हलवली. "सांगू का त्यांना? आत्ता सांगते."

"नको."

"का?"

मी समुद्राकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती.

"गुरुवारी मी विचारलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना, वहिनी?"

"होतं."

एवढंच. तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं. ती पायाने वाळू उकरत राहिली.

"शुक्रवारी मला तुमचं खरं वाटलं होतं," ती म्हणाली. "पण मी थांबू या म्हटलं असतं, तर मीही तुमच्याच रांगेत गेले असते. आत्ताच कुठे आई माझ्याशी नीट बोलायला लागल्या होत्या. मग मीही पडदा लावला." ती हसली, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "आणि गंमत बघा. नोकरीतली सगळी शिल्लक घालून मी ती मोरी आणली. वाटेत सहा वेळा गेल्या. सहाही वेळा हाक कुणाला? इंदू. मी दाराशी उभी असते, तरी इंदू."

तेवढ्यात खुर्चीतून हाक आलीच. आम्ही दोघीही निघालो. गुडघ्यांना मी धरलं, पाठीला तिने.

आत्याबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. समुद्र त्यांनी आणखी दोनदा बघितला. पाच वर्षांनी, नक्षी शाबूत असताना, भाऊजींनी टायर बदलले, आणि तेव्हाही आत्याबाईंनी ती गोष्ट सांगितली. पाहुण्यांना, डॉक्टरांना, गॅसवाल्याला, शेवटी दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या नर्सला. मी मोजत होते. त्रेचाळीस वेळा. प्रत्येक वेळी मी तिथे चहा घेऊन नाहीतर औषध घेऊन उभी असायची, आणि "व्हय का न्हाई गं इंदू?" असं त्यांनी विचारलं की मान हलवायची. मृणाल समोर असली तर ती उठून आत जायची.

त्यांच्या तेराव्याला पंगती उठल्यावर बायका बसल्या होत्या. आत्याबाईंच्या माहेरची एक म्हातारी म्हणाली, "मृणाल कोण गं तुमच्यात? ती गाडीची गोष्ट सांग की. आमच्या आक्कानं फोनवर अर्धीच सांगितली हुती."

मृणालने माझ्याकडे बघितलं.

"मला नाही सांगता येणार, आजी," ती म्हणाली. "काय झालं ते वहिनींना सगळं ठाऊक आहे. त्या सांगतील. त्यांना सांगायचं तसं सांगतील."

सगळ्या माझ्याकडे वळून बसल्या. आता विचारणारं कुणी उरलं नव्हतं. शेपूट दिसेल अशी भीती घालणारी नजरही उरली नव्हती. मी पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. वैशाखातला घाट सांगितला, इरकल नेसून बसलेल्या आत्याबाई सांगितल्या, कुणालाच न आलेली शंका सांगितली. हेअरपिनपाशी म्हातारीने तोंडाला पदर लावला. बोटं मोडल्यावर तिने मृणालला जवळ ओढलं. आत्याबाई जशी सांगायच्या तशीच सांगितली, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

मृणालने टायरचे पैसे एकदाच भरले होते. गुरुवारच्या त्या भाकरीचा माझा हा चव्वेचाळिसावा हप्ता होता. वाटलं, फिटलं. पण डोळे पुसून म्हातारी दाराकडे वळली आणि म्हणाली, "थांब जरा, माझी सून भांडी ठेवून येतीय. तिला पण पहिल्यापासनं सांग."